न पुसणारी तीट

सांगू की नको, असं मघापासून चाललंय माझं. पण चहा ओतलाच आहे तर ऐका. फक्त आमच्या घरी हा विषय काढू नका, तिथं त्यावरून अजून माझी थट्टा चालते.

सोलापुरात दवाखाना चालवता चालवता मला एक खूळ लागलं होतं. पोटातल्या कोकराचा मेंदू कसा घडतो, त्यातली एकेक पेशी कुठून निघते नि कुठं जाऊन बसते, ते बघायचं. खाटकाकडून मेंदू आणायचा, तुकडे चांदीच्या क्षाराच्या पाण्यात अंधारात ठेवायचे. मग पेशी काळ्याभोर उमटतात, पानं झडलेल्या झाडांसारख्या. फार सुंदर दिसतं हो ते.

अडचण एकच. माझं सूक्ष्मदर्शक जुनं, बारीक फांद्या त्यात धुरकट दिसायच्या. नवं घेऊन देईल असा माझ्या ओळखीत एकच माणूस, घोंगड्यांचे व्यापारी बिरूअण्णा. त्यांच्याकडे खेटे घालून थकलो. "कोकराच्या डोस्क्यात बघून मानसाला काय घावनार?" असं म्हणून ते पान लावायला घ्यायचे.

मग त्यांना नातू झाला आणि बारशाचं बोलावणं आलं. मी कामातून तसाच उठलो, हात पाण्याखाली धरले, धोतराला पुसले नि पळालो. अण्णांनी बाळ मांडीवर दिलं. मी लाडानं त्याच्या कपाळावरून, गालावरून हात फिरवला. म्हटलं, नातवामार्फत आजोबा वश होतील.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा गडी दारात. "डाक्टर, बिगीबिगी चला. लेकरू काळं पडाय लागलंय."

गेलो. तेल लावून, न्हाऊ घालून बाळाला कोवळ्या उन्हात निजवलेलं, आणि गालाकपाळावर करडे पट्टे. ताप नाही, रडणं नाही. स्वारी मूठ चोखत पडलेली.

साध्या डॉक्टरनं आधी ते पुसून बघितलं असतं. मी पडलो संशोधक. गंभीर होऊन म्हणालो, "अण्णा, गर्भात कातडी आणि मेंदू एकाच थरातून घडतात. कातडीवर असं काही उमटलं, म्हणजे मेंदूकडं बघायला हवं."

वाक्य खरं आहे बरं का. पण खरं वाक्य कुठं गिळावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बाळाची आई, तुळसा, पुढं सरसावली.

"म्हंजी माजं लेकरू येडं व्हनार?"

तो आवाज अजून कानात आहे. तिला धीर द्यायचा सोडून मी पट्ट्यांकडंच बघत राहिलो. ऊन वाढत होतं तसे ते गडद होत होते. मी पुटपुटलो, "वाढतंय." तुळसाचा बांध फुटला. अण्णा पुण्याला न्यायची तयारी करायला उठले.

ताप पुन्हा बघावा म्हणून मी गालावर हात ठेवला. माझी बोटं त्या पट्ट्यांवर बरोब्बर बसली.

चांदीचं पाणी! अंगाला लागलं तर दिसत नाही, ऊन लागलं की काळं पडतं. तेच डाग बोटांवर घेऊन मी रोज जेवत होतो. आधी मनात आलं, गेलं आपलं सूक्ष्मदर्शक. मग तुळसाकडं बघितलं आणि त्या विचाराचीच लाज वाटली.

"पोरी, बाळाला काही झालेलं नाही. हे माझे हात आहेत," म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

अण्णांची म्हातारी आई पुढं आली. बोटाला थुंकी लावून तिनं पट्टा घासला.

"पुसतच न्हाय की ह्ये."

"नाही आई. इजा काही नाही, हळूहळू आपोआप जाईल."

"आंगुळीनं बी जात न्हाय?"

"नाही."

म्हातारी खुलली. "मंग दिष्ट लागंल म्हून रोज काजळाची तीट लावाय नगं!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ही गर्दी. आजारी एकही नाही. साऱ्या बायांच्या कडेवर लेकरं आणि एकच मागणं, "डाक्टर, आमच्या बी लेकराला लावा की ती न पुसनारी तीट." नाही म्हटलं, तर मी फक्त पैसेवाल्यांनाच लावतो अशी बोलवा झाली.

आणि खरंच सांगतो, पुढं नवं सूक्ष्मदर्शक आलं. मी भारावून अण्णांना म्हणालो, "मेंदूच्या अभ्यासावर तुम्ही एवढा विश्वास टाकलात."

अण्णांनी पान दाढेत सरकवलं. "मेंदूचं ऱ्हाऊ द्या. आईनं घ्याया लावलंय. म्हनली, डाक्टरला नीट दिसत न्हाय, फुडच्या नातवाला तरी तीट एका जागी लागू दे."