एककागदी अक्का

अक्कांच्या टेबलावर एका वेळी एकच कागद असे. कुणी दुसरा ठेवला तर ठेवणाऱ्याच्या देखत तो उचलून त्या खालच्या खणात टाकत, मग तो माणूस कितीही मोठा वकील असो. धारवाडच्या कोर्टात त्यांना सगळे ‘एककागदी अक्का’ म्हणत. काही कौतुकाने म्हणत, बरेचसे चिडून. माझ्या वकिलीच्या ऑफिसात त्या सोळा वर्षं टायपिस्ट होत्या, आणि पहिली काही वर्षं चिडणाऱ्यांत मीही होतो.

“अक्का, सगळे कागद समोर असले तर काय बिघडतं?” मी एकदा विचारलं.

“दहा कागद समोर ठेवले की दहाही ओरडायला लागतात, साहेब. मी एकाचंच ऐकणार.”

सकाळी साडेनऊला त्या यायच्या. आल्या आल्या हातात घ्यायच्या ते सगळ्यांत किचकट काम. वाटणीचा चाळीस पानी दावा असला, वंशावळीत तीन बायका आणि अकरा मुलं असली, की तोच पहिला. तो हातावेगळा होईपर्यंत चहाचा कप आला तरी निवून जायचा. आम्ही बाकीचे नोटिसा, तारखांचे अर्ज अशी किरकोळ कामं आधी उरकून खूप काम झाल्याच्या आनंदात असायचो आणि अवघड दावा संध्याकाळी पाचला उघडायचो. अक्का हसायच्या. “डोकं ताजं आहे तोवर अवघड करायचं. सोपं काय ओ, दमल्यावरही होतंय की.”

‘दोनच मिनिटं’ म्हणत येणाऱ्यांचा त्यांना भारी राग. त्यांच्या खुर्चीमागे खिळ्याला सुतळीने एक वही टांगलेली होती. ज्याचं दोन मिनिटांचं काम असेल त्याने ते वहीत लिहायचं. वही त्या एक वाजता बघत आणि चार वाजता बघत. मधे नाही. एकदा एक ज्येष्ठ वकील वहीपाशी उभे राहून तावातावाने म्हणाले, “अगं बाई, लिहिण्याएवढा वेळ आहे कुणाला? पटकन सांगतो, ऐक.” अक्कांची बोटं थांबली नाहीत. “आगंगिल्ल री,” त्या म्हणाल्या. होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ, पण त्यांच्या तोंडी तो निकालासारखा वाटायचा. “तुम्हाला लिहायला वेळ नाही, मग मला ऐकायला कुठला असणार?” वकीलसाहेबांनी लिहिलं. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं की निम्मं काम त्यांचं त्यांनाच करता येण्यासारखं आहे, आणि ते पुटपुटत निघून गेले.

साडेपाचला मात्र त्या उठायच्या. त्याआधी दहा मिनिटं उद्याचा पहिला कागद काढून ठेवायचा, कॉम्प्युटरवर कापड घालायचं, आणि पर्स उचलायची. थांबवून बघा कुणी! “उद्याचं आज मांडून ठेवलं की घरी भाजी निवडताना तुमचा दावा डोक्यात येत नाही,” हे त्यांचं म्हणणं. कोर्टाच्या आवारात त्यांच्याइतकी पानं कुणाच्या हातून निघत नव्हती, आणि त्यांच्याइतकं वेळेवर कुणी घरी जात नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे आम्हाला कळायला फार वेळ लागला.

पण त्यांची खरी हट्टाची गोष्ट म्हणजे ताळा. कागद तयार झाला की दुसऱ्या माणसाला समोर बसवून त्या तो मोठ्याने वाचत. आकडे एकेक सुटे करून. सर्व्हे नंबर एकशे अठ्ठेचाळीस असं नाही. एक, चार, आठ. समोरच्याने मूळ कागदावर बोट ठेवून ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ आलं नाही तर पुढे जायचं नाही. “डोळा लबाड असतोय, साहेब. त्याला पाहिजे तेच वाचतोय. कान तेवढा लबाड नाही.” ताळ्याशिवाय त्यांच्या टेबलावरून कागद उठत नसे. एकदाच उठला. तो मी उठवला.

अळणावरजवळच्या गावचे एक निवृत्त मास्तर माझे अशील होते. त्यांच्या वडिलांनी लावलेली एकोणीस आंब्याची झाडं शेजारी स्वतःची म्हणत होता. एके दिवशी सकाळी मास्तर धापा टाकत आले. “साहेब, त्यानं करवतवाले ठरवलेत. उद्या येणार.” त्याच दिवशी मनाई हुकूम मिळवायला हवा होता. मी अक्कांना म्हणालो, “त्याच गावचा जुना दावा आहे आपल्याकडे. तो उघडा, नावं बदला, झालं.”

“मी कोऱ्यावर करते. जुन्या दाव्यात जुनी माणसं लपून बसलेली असतात.”

“अक्का, आज नको तुमचं शास्त्र.”

त्यांनी माझं ऐकलं. नावं बदलली, मजकूर बदलला, प्रिंट काढली आणि खुर्ची पुढे ओढली. “बसा. सात मिनिटं लागतील.”

“वेळ नाही.”

“आगंगिल्ल री, साहेब. नंबरांचा ताळा झाला नाही.”

मी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतले.

आता जे लिहितोय ते मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. वेळ होता. चांगली पंचवीस मिनिटं होती. पण वकील संघाच्या निवडणुकीला मी उभा होतो आणि जेवणाच्या सुट्टीआधी चार जणांना गाठून मतं मागायची होती. त्या सात मिनिटांत मी दोघांपुढे हात जोडले आणि एक चहा प्यालो.

हुकूम मिळाला. तो घेऊन मास्तर दुसऱ्या दिवशी बागेत उभे राहिले. शेजाऱ्याच्या वकिलाने कागद वाचला आणि तो हसला. “मास्तर, हा नंबर इथला नाहीच की ओ.” अर्जाच्या शेवटी जमिनीचं वर्णन असतं, तिथे जुन्या दाव्यातला नंबर तसाच राहिला होता. दुरुस्त हुकूम यायला चार दिवस गेले. तोवर बागेत एकोणीस बुंधे उरले होते.

कोर्टापुढे खुलासा म्हणून मी प्रतिज्ञापत्र तयार केलं, की ही चूक टायपिस्टच्या हातून अनवधानाने झाली. सहीसाठी अक्कांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून.

“टाईप मी केलंय, खरं आहे,” त्या म्हणाल्या. “ताळा तुम्ही करू दिला नाही, हेही खरं आहे. दोन्ही लिहा, आत्ता सही करते.”

“अक्का, नुसती औपचारिकता आहे.”

“मग तुमचं नाव घाला की औपचारिकतेत.”

मी ते घातलं नाही. माझ्या सहीचं दुसरं प्रतिज्ञापत्र केलं आणि त्यात दोष त्यांच्यावर टाकला. अक्कांनी आवाज चढवला नाही. खणातले सगळे कागद काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडले, कुठलं काम कुठवर आलंय ते प्रत्येकाचं सांगितलं, आणि निघून गेल्या. त्यांनी भेटेल त्याला खरं काय ते सांगितलं. पण एका बाजूला टायपिस्ट आणि दुसऱ्या बाजूला निवडून आलेला वकील. मास्तर तर भर कोर्टाच्या आवारात त्यांना म्हणाले, “बाई, माझ्या बापाची झाडं खाल्लीत तुम्ही.” त्यानंतर एकाही वकिलाने त्यांना काम दिलं नाही. सुभाष रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात त्या विद्यार्थ्यांचे प्रबंध टाईप करीत बसू लागल्या. मी तो रस्ता टाळून लांबून जायला लागलो. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली.

आणि मी काय केलं या वीस वर्षांत? सकाळी अवघड काम आधी घेतलं. टेबलावर एक कागद ठेवला. ज्युनिअरांना वही टांगून दिली, ताळ्याशिवाय सही केली नाही. माझ्या शिस्तीचं गावभर नाव झालं. यंदा तरुण वकिलांनी त्यांच्या अंकासाठी लेख मागितला, ‘दिवसाचं काम कसं उरकावं, तुमच्या सवयी सांगा’. मी चार पानं लिहून बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, “अहो, हे तर सगळं अक्कांचं की!”

ती पानं मी फाडली आणि अक्कांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. “वाट चुकलात काय ओ, साहेब?” आत नेऊन बसवलं. मी हात जोडले, कबूल केलं, निवडणुकीचंसुद्धा. त्या शेंगा सोलत होत्या. सोलणं थांबलं नाही.

“मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं की. मास्तर गेले परवाच्या साली. शेवटपर्यंत मला बघून तोंड फिरवत होते. त्यांना सांगायला पाहिजे होतं तुम्ही.” मग टरफलं बाजूला सारत, “क्षमा-बिमा राहू दे. ज्यांना ठाऊक नाही असे अजून बरेच जण आहेत. त्यांना सांगा.”

म्हणून हे लिहिलं. चूक माझी होती. अक्कांची नव्हती. ज्यांनी त्या वेळी माझ्यावर विश्वास ठेवून त्यांचं काम बंद केलं, त्यांतले बरेच जण आज मोठ्या पदांवर आहेत. त्यांना हे आवडणार नाही. न आवडो.

लेख पाठवल्यावर अंकाच्या तरुण संपादकाचा फोन आला, म्हणून एवढ्या ओळी जोडतोय. “सर, सुंदर झालाय. फक्त तो मनाई हुकुमाचा भाग गाळला तर? सवयींचा भाग फार उपयोगी आहे मुलांना. आणि लेख जरा लांबही होतोय.”

“लांब होत असेल तर सवयी गाळा,” मी म्हणालो. “तो भाग छापा.”