पायऱ्या नाहीत, या

“खोटं बोलायला माझ्याकडं येळ न्हाई,” असं झुंबरबाई नेहमी म्हणायची. बाजारात वांगी विकताना म्हणायची, सोयरिकीच्या बैठकीतही म्हणायची. तिच्या शब्दावर टाकव्यात लोकांनी मुली दिल्या, बैल घेतले. अशी बाई आमच्या गावची, हे मी मान वर करून सांगतो.

त्या वर्षी तिच्या मोबाइलवर नसते फोन येऊ लागले. धरणाकाठच्या कुठल्याशा बंगल्याच्या जाहिरातीत चुकून तिचा नंबर पडला होता. शनिवार जवळ आला की मुंबईची माणसं विचारायची, पोहायला टाकी आहे का, रात्री गाणी लावली तर चालतील का, कोंबडी तुम्हीच करून देता का. ती प्रत्येकाला सांगायची, “बाबा, हे घर हाय, बंगला न्हाई.” त्यावर एकजण म्हणाला होता, “बरं मावशी, मग शेवटचं किती घ्याल?”

नंबर बदलावा, तर गॅस, बँक, डेअरी सगळं त्यालाच जोडलेलं. फोन बंद ठेवावा, तर परंदवडीला दिलेली लेक मानसी दिवस भरून बसलेली. निरोप कधीही येणार. म्हणून घंटी वाजली की झुंबरबाई हातातलं टाकून धावायची.

भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. वारा आला की सगळं शिवार एका अंगाला झुकायचं आणि सावकाश उभं राहायचं. शुक्रवारी दुपारी ती खालच्या खाचरात गवत काढत होती. मोबाइल वरच्या बांधावर, करंजाच्या फांदीला पिशवीत टांगलेला. शेतात रेंज तेवढी तिथंच यायची. घंटी ऐकून ती धावली, बांधावर घसरली, गुडघा फुटला. तशीच लंगडत पोचली.

“मावशी, उद्या बंगला मोकळा आहे का?” बाईचा आवाज मऊ होता. “सासूबाई सोबत आहेत. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत हो.”

गुडघ्यातून रक्त येत होतं. झुंबरबाई म्हणाली, “पायऱ्या न्हाईत. या.”

“कुठं यायचं?”

“टाकव्यात.”

तिने फोन ठेवला. परत धावायला लागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. संध्याकाळपर्यंत ती ते विसरलीही.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. समोरच्या टपरीवरून सखाराम चहाचा ग्लास घेऊन आला. गावातल्या कुणालाही त्याने थट्टेतून सोडलं नव्हतं.

“मावशी, वडाखाली एक गाडी उभी हाय बघ. डोंबिवलीची मानसं. बिनपायऱ्यांचा बंगला हुडकत्यात. धरणावरलं बंगलं तर समदं भरल्यात. म्हातारी गाडीतच बसून हाय, पाय सुजल्यात. म्या म्हनलं, आमच्या गोठ्याला बी पायऱ्या न्हाईत, या ऱ्हायला.”

तो आपल्याच बोलण्यावर हसला. झुंबरबाई हसली नाही. तेवढ्यात तिच्या मांडीवरचा मोबाइल वाजू लागला. तिने तो पदराखाली दाबला.

सून सविता दारात आली. सासूला ती आत्या म्हणे. “आत्या, उचला की. परंदवडीचा असंल.”

“न्हाई. त्यांचाच हाय. काल म्याच या म्हनलं,” झुंबरबाई हळूच बोलली.

सविता सखारामला ऐकू जाऊ नये म्हणून खाली वाकली. “बंद करून टाका. तुमी कोन, त्यांना काय ठावं? फिरतील अन् जातील.”

घंटी थांबली. पुन्हा सुरू झाली. वडाखाली एक बाई कानाला मोबाइल लावून उभी होती, आणि दुसऱ्या हाताने गाडीतल्या म्हातारीला वारा घालत होती. ओट्यावरून ते सगळं दिसत होतं. झुंबरबाईचं तोंड उतरलं. कान लाल झाले. एवढ्या वर्षांत तिची मान अशी खाली गेलेली मी पाहिली नव्हती.

“सविता, मधल्या खोलीत गादी टाक,” ती म्हणाली. “अन् चहा ठेव.”

मग ती सखारामकडे वळली. “बंगला हाय, पायऱ्या न्हाईत, असं म्याच सांगितलं त्यांना. खोटं सांगितलं. हसायचं तर मला हस.”

सखारामचा ग्लास ओठापाशीच राहिला.

ती ओट्यावरून उतरली. डोक्यावर पदर घेतला आणि दुखऱ्या पायाने, घंटी वाजणारा मोबाइल मुठीत धरून, वडाकडे चालू लागली. दारातून सविता बघत होती, टपरीवरची माणसं बघत होती, आणि गाडीच्या काचेतून ती म्हातारीही, कुणाची कोण बाई येते आहे म्हणून.