परीक्षा घेणारी बाई

नाशिक रोडच्या एका दवाखान्यात विसरायला लागलेल्या माणसांची परीक्षा घेणारी एक बाई होती. चष्मा कपाळावर, पेन्सिल अंबाड्यात. माझ्या म्हातारीला तिनं विचारलं, "आजी, मालकांचं नाव काय?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "बाई, लग्नापासून तिनं माझं नाव घेतलं नाय. याचे मार्क कापू नका."

बाई हसली, पण तिची नजर म्हातारीवरून हलली नाय. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आजी लाजल्या की खाली बघतात. आठवलं नाही की तुमच्याकडं बघतात. आत्ता तुमच्याकडं बघितलं."

पन्नास वर्षं संसार करून मला जे दिसलं नाय, ते या बाईला घटकाभरात दिसलं. मी थक्क झालो.

"मग मला कधी विसरंल?" मी सरळच विचारलं.

"वर्षभरात, बहुतेक. पण 'मी कोण' म्हणून घरी त्यांची परीक्षा घेऊ नका. ते काम माझं."

म्हातारी दोन वर्षांनी गेली. मी एकदाही विचारलं नाय. मळ्यातून फुलं तोडून आलो की शेवटपर्यंत ती खाटेवर सरकून मला जागा द्यायची. मालकाला देत होती का कुणा परक्याला, ते मला माहीत नाय. ते माहीत नसणं, एवढं त्या बाईनं माझ्यासाठी राखलं.