बुचाखालचा बुडबुडा

प्रयोगशाळेत आज आयोडीनची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी मी पाटोद्याजवळ, सिंदफणेच्या काठावर जाऊन पोहोचले.

आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. नदीच्या पाण्याची वर्षभर तपासणी करण्याचे काम मॅडम एकीलाच देणार होत्या. मला किंवा माझी वर्गमैत्रीण सारिका हिला. सारिका गुडघाभर पाण्यात उभी राहून दगड उलटत होती आणि तळाला चिकटलेल्या अळ्या एकेक ओळखून सांगत होती. "हिची नजर बघा," असे मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा मी पाठ फिरवून माझा पाण्याचा नमुना भरायला घेतला.

पाण्यातला प्राणवायू मोजण्याच्या चाचणीत हेच आयोडीन तयार होते, आणि त्या चाचणीसाठी नमुन्याची बाटली काठोकाठ भरावी लागते. आत हवा राहिली, तर आकडा खोटा येतो. काठावर ठेवलेल्या सारिकाच्या बाटलीत, बुचाखाली, मसुराच्या दाण्याएवढा बुडबुडा मला स्पष्ट दिसला. मी मान वळवली.

तेवढ्यात तीच पाण्यातून ओरडली, "अगं, तुझ्या बाटलीत बुडबुडा हाय की! एवढी हुशार तू, अन् ध्यान कुठं हाय? वत ते, परत भर."

मी पुन्हा भरली. तिला मात्र मी काहीच सांगितले नाही. काम मला मिळाले.

तेव्हा मला तिच्या नजरेचा हेवा वाटत होता. आज माझ्या हाताखाली चौघे जण आहेत, माझे आकडे कुणी पडताळत नाही, तरी हेवा शिल्लक आहेच. स्पर्धेतल्या मुलीला तिची चूक सांगताना सारिकाला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता, त्याचा.