बहिणीच्या गाडीचा गचका

त्याला सगळे वैद्य म्हणायचे. औषधाशी त्याचा संबंध सर्दीच्या गोळीपुरताच. पण गाडी दारात आली की तो आधी बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचा, त्यावरून हे नाव पडलं. इतर मेकॅनिक ज्यांच्या वाटेला जात नसत, त्या जुन्या, चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्या त्याच्याकडे यायच्या. निघताना खाली ठक्क वाजलं, तर शाफ्टचा क्रॉस गेला. वेग घेतला की घरघर वाढते, तर चाकाचं बेअरिंग. वळताना कटकट होते, तर एक्सलवरचा रबरी बूट फाटून आत माती शिरली. हे सगळं तो गाडीखाली न शिरता सांगायचा, आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं.

दहाव्या वेळी काय करायचा? दहाव्या वेळी म्हणायचा, "गाडी ठणठणीत आहे. चालवणाऱ्याचं बघा." गिऱ्हाईक ओशाळून गाडी घेऊन जायचं. फार सोयीचं होतं हो हे! गाडीला बोलता येत नाही आणि माणसाला आपल्या चालवण्याची पक्की खात्री नसते. वैद्य काही लबाड माणूस नव्हता. पण "मला कळत नाही" हे तीन शब्द काही त्याच्या तोंडून निघत नसत.

त्याची धाकटी बहीण डोंगरावरच्या चार दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून खाली प्रयोगशाळेत आणायची. गाडी चालवायला तिला त्यानंच शिकवलं होतं, आणि ही जुनी गाडीही त्यानंच शोधून दिली होती. पोरीचा जीव त्या कामावर. वाटेत एकटीच मोठमोठ्यानं गाणी म्हणायची. "दादा, वर ऐकायला कुणी नसतं ना, म्हणून मी छान गाते," म्हणायची.

एकदा दगडावरून जाताना तिचं पुढचं डावं टायर फाटलं. वैद्यानं नवं टायर बसवलं. बाकीची तीन निम्मी झिजलेली होती, पण तो म्हणाला, अजून वर्षभर चालतील. आणि पुढच्याच आठवड्यापासून गाडी गचके द्यायला लागली. सरळ रस्त्यावर गुणी लेकरासारखी धावायची. पण आवारात स्टेअरिंग पूर्ण फिरवून वळवायला गेलं की अंग आखडून उभी राहायची, थरथरायची आणि बंद पडायची.

बहिणीनं गाडी आणली. वैद्यानं दोन दिवस शोधलं. क्लच पाहिला, एक्सल पाहिले, इंजिनाखालची रबरं पाहिली, तेल बदललं. काहीही सापडेना. अंगणात गाड्यांची दाटी होती, म्हणून चाचणीला मोठ्या रस्त्यावर सरळ जाऊन सरळ परत आला. मग पाच-सहा गिऱ्हाइकांच्या देखत त्यानं हात पुसत निकाल दिला.

"गाडी ठणठणीत आहे. हिचा हात जड आहे."

सगळे हसले. तीसुद्धा हसली, पण कान लाल झाले तिचे. "खरंच का रे दादा?"

"खरंच. स्टेअरिंगशी कुस्ती खेळतेस तू."

दादाच म्हणाला म्हटल्यावर विषयच संपला. ती घरी खुर्चीवर बसून पातेल्याचं झाकण दोन्ही हातांत धरायची आणि हलक्या हातानं डावीकडे-उजवीकडे फिरवत राहायची. महिनोन् महिने! दवाखान्यातले लोक तिला गचकेबाई म्हणायला लागले. एक दिवस फाटकातच गाडी बंद पडली आणि मागे रुग्णवाहिका अडकली. आतला रोगी वाचला, पण हिनं त्या दिवशी कामावर पाणी सोडलं. तेव्हापासून ती प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. गाडी घरापुढे कापड पांघरून उभी राहिली.

त्यानंतर दोन वर्षांनी वैद्याकडे एक निवृत्त हेडमास्तर आले. बहिणीच्या गाडीसारखीच गाडी, तेच गचके. वैद्यानं ठरलेलं वाक्य सुरू केलं, तर मास्तर कडाडले, "चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी! माझं काय बघता? गाडीचं बघा!" असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. वैद्य मुकाट्यानं खाली बसला आणि टायरांच्या घेराला फीत लावली. एका नव्या टायरचा घेर बाकीच्या तिन्हींपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त. चारही चाकं एकमेकांना जोडलेली, मध्ये पुढच्या-मागच्या चाकांना सांधणारं एक कपलिंग. एक चाक मोठं असलं की ते बाकीच्यांच्या गतीनं फिरत नाही, सारखी ओढाताण होते, आणि पूर्ण वळणावर कपलिंग आवळून गाडी अडते. चार सारखी टायरं घातली आणि गचका गेला.

फीत गुंडाळता गुंडाळता त्याला बहिणीची गाडी आठवली. त्याच क्षणी आठवली, हे लक्षात ठेवा. उद्या तिला सांगू, असं मनाशी म्हणाला. मग म्हणाला, तिनं काम सोडूनही आता खूप दिवस झाले, उगाच जुनं उकरून काय मिळणार? माणूस स्वतःची समजूत किती छान घालतो, नाही? पुढची दोन वर्षं ती घरी आली की हा तिच्या हातांकडे बघायचं टाळायचा.

आणि परवा तिचाच निरोप आला. गाडी विकते आहे, शनिवारी गिऱ्हाईक येतंय, जरा नीट करून दे. वैद्य स्वतः जाऊन गाडी घेऊन आला. गॅरेजच्या फाटकात वळवायला गेला, तर गचका बसला आणि गाडी बंद पडली. त्यानं पुन्हा चालू केली, दोन बोटांनी स्टेअरिंग धरलं. पुन्हा गचका. समोरचा पंक्चरवाला ओरडला, "काय वैद्य, हात जड झाला का?" वैद्याला तिथल्या तिथे तोंड लपवावंसं वाटलं.

गुपचूप टायरं बदलली असती तर काम फत्ते होतं. गाडी विकली गेली असती, बहीण जन्मभर स्वतःला गचकेबाई समजत राहिली असती आणि याचं नाव शाबूत राहिलं असतं. टायरं त्यानं बदलली खरी. भंगारातल्या तशाच गाडीची चार सारखी झिजलेली टायरं काढून बसवली. गाडी फार चालली नव्हती म्हणून कपलिंग वाचलं होतं. मग त्यानं बहिणीला बोलावून घेतलं आणि अंगण रिकामं करून ठेवलं.

"एक चक्कर मार. पूर्ण वळवून," तो म्हणाला.

"नको रे दादा. लोक बघतायत."

"मार तू."

ती घाबरत घाबरत बसली. स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं, खांदे आवळून गचक्याची वाट बघत राहिली. गाडी लोण्यासारखी वळली. एकदा, दोनदा, तीनदा. ती थांबली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"दादा! अरे, केलंस तरी काय? शेवटी तूच बरी केलीस की रे! देव भलं करो तुझं."

हे त्याला मारापेक्षा जास्त लागलं. "टायर होतं," तो खिडकीशी वाकून म्हणाला. "मीच घातलेलं नवं टायर. बाकीच्यांशी जुळत नव्हतं. तुझ्या हाताचा काही दोष नव्हता. कधीच नव्हता."

ती स्वतःच्या हातांकडे बघून हसली. "आणि मी वेडी झाकणं फिरवत बसले होते! जाऊ दे रे. तुला तरी कुठं माहीत होतं? आज कळलं ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मान हलवणं किती सोपं होतं.

"दोन वर्षं झाली कळून," तो म्हणाला. "दुसऱ्या एकाच्या गाडीत सापडलं. तुझी गाडी आठवली होती मला. मी बोललो नाही. लाज वाटली."

तिचं हसू मावळलं.

"दोन वर्षांपूर्वी दवाखान्यानं मला परत बोलावलं होतं," ती म्हणाली. "जाऊ का म्हणून मी तुलाच विचारायला आले होते. इथंच उभी होते. तू म्हणालास, नको, तुला नाही झेपायचं. तेव्हा तुला माहीत होतं?"

वैद्य फडक्यानं गाडीचा आरसा पुसायला लागला.

"दादा, मी विचारतेय. माहीत होतं?"

"होतं."

तिनं खिडकीची काच हळूहळू फिरवून वर घेतली. मग स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि एकही गचका न बसता गाडी फाटकातून बाहेर नेली.