मार्लिसचं विरजण

ऑरिन वेंडलँड तोंडाने फटकळ, पण हातात कसब असं की विचारू नका. विस्कॉन्सिनातल्या चीजच्या कारखान्यात स्टीलच्या टाक्यांचं वेल्डिंग करण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्त झाला तेव्हा भंगारातला पत्रा उचलून त्याने गॅरेजात स्वतःची बिअर आंबवायची टाकी उभी केली. वर गोल, खाली शंकूसारखी निमुळती, टोकाला तोटी. बिअर आंबून झाली की यीस्ट त्या टोकाशी उतरतं. तोटी उघडायची, आधीचा मळ जाऊ द्यायचा, मागून येणारं पांढरं यीस्ट बरणीत धरायचं आणि पुढच्या खेपेला तेच घालायचं. आपण विरजण राखतो ना, अगदी तसं.

आणि हे विरजण बाजारचं नव्हतं. त्याच्या बायकोने, मार्लिसने, परसातल्या रानटी प्लमच्या फुलांवरून ते धरलं होतं. तिच्या बिअरला लवंगेसारखा बारीक वास यायचा. मार्लिस गेली, तिचे कपडे मुलीने चर्चला देऊन टाकले, विरजण तेवढं मागे राहिलं. दर खेपेला ऑरिन तोटीशी वाकून म्हणायचा, "चला बाईसाहेब, या बाहेर." कोणी हसलंच तर त्याची सात पिढ्यांसकट खरडपट्टी निघायची.

गेल्या उन्हाळ्यात टाकीत बिअर आंबत असतानाच त्याच्या छातीत कळ आली. अँब्युलन्समध्ये चढवताना त्याने लायलचा हात धरला. लायल म्हणजे शेजारी, घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळातला जोडीदार, मार्लिसच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस.

"लायल, बिअर गेली खड्ड्यात. विरजण तेवढं बरणीत धर."

"धरतो रे बाबा. तू आधी जगून तर ये!"

ऑरिन जगून आला. फ्रिजमध्ये बरणी होती, आत पांढरंशुभ्र यीस्ट. "बिअर आंबट झाली, ओतून टाकली," लायल म्हणाला. "पण हिला वाचवलं." ऑरिनला रडू फुटलं. सगळ्या मंडळासमोर त्याने लायलला मिठी मारली. तळघरात मार्लिसने स्वतःच्या हाताने भरलेली एकच बाटली उरली होती, तीही त्याने लायलला देऊन टाकली. "ठेवून काय पूजा करू? विरजण जिवंत आहे ना! पी लेका, तुझा हक्क आहे."

लायलने ती घेतली.

अंगात जरा बळ आल्यावर ऑरिनने त्या बरणीतलं यीस्ट घालून नवी बिअर लावली. आंबून झाल्यावर तोटी उघडली, तर आतून पुट्टीसारखा घट्ट गोळा आला. मार्लिसचं यीस्ट नेहमी ताकासारखं सैल वाहायचं. त्याने वास घेतला, चव घेतली. लवंग नाही, काहीच नाही. औषधांनी आपलं नाकच मेलं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि लायलला हाक मारली.

"चाखून सांग. माझं नाक दगा देतंय."

लायलने घोट घेतला. "तीच रे. मार्लिसच."

"ग्लासात काय बघतोस? माझ्याकडे बघून बोल."

लायल बघेना. मग ऑरिनला सगळं समजलं.

"कधी?"

"तू हॉस्पिटलात होतास तेव्हा. मी मासे धरायला तळ्यावर गेलो होतो. ऊन फार पडलं. परत आलो तर गॅरेजची भट्टी झालेली, टाकीत सगळं नासलेलं. तुझी छाती नुकती शिवलेली, ऑरिन! कुठल्या तोंडाने सांगू? दुकानातून एक पाकीट आणून बरणीत घातलं."

"आणि मी सगळ्यांसमोर तुझे आभार मानले."

"तू बरा व्हावास म्हणून रे..."

"गप! मी तिच्याशी बोलत होतो, गाढवा. महिनाभर मी त्या पाकिटाशी बोलतोय!"

एवढ्यात ऑरिन थांबला. डोळे चमकले. "बाटली! मी दिलेली बाटली. तिच्या बुडाशी गाळ असणार, तिचाच. थोडं गोड पाणी घातलं की विरजण जागं होईल. बाटली कुठाय?"

लायलने गॅरेजातल्या कपाटाकडे पाहिलं.

बाटली तिथेच उभी होती. मंडळाचा दंडकच आहे, दुसऱ्याची बिअर प्यायलात तर बाटली लगेच विसळून ज्याची त्याला परत करायची. लायलने दंडक पाळला होता. ऑरिनने बाटली उजेडात धरली. बुडाशी ठिपकासुद्धा नव्हता.

"गाळातून ते जागवता येतं, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मग?"

लायलने टोपी काढली, हातात चुरगाळली. "गाळ राखला असता, तर बरणीतलं खोटं आहे हे सांगावं लागलं असतं."

ऑरिनने बाटली जागेवर ठेवली. टाकीशी जाऊन त्याने तोटी पुरती उघडली आणि सगळी बिअर गॅरेजच्या मोरीत जाऊ दिली. लायल दारात उभा होता.

"ऑरिन, काहीतरी बोल."

"जाताना दार लाव," ऑरिन म्हणाला.