शेटजींच्या टाकीतलं खारं पाणी

ज्याचं नावही मी विचारलं नाही, त्याच्याबद्दल लिहायला बसलोय. आधी त्याचीच माफी मागतो.

गोंदियात एका राइस मिलच्या शेटजींनी ऑफिसात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली होती, आत जिवंत प्रवाळ. ती सांभाळणाऱ्या माणसाने समुद्र कधी पाहिला नव्हता. दर सोमवारी तो बादलीत समुद्री मीठ विरघळवायचा, एक थेंब जिभेवर ठेवून डोळे मिटायचा आणि मगच टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून नवं ओतायचा.

मी बी.एस्सी.ला होतो, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. शेटजींनी मला पाणी तपासायला बोलावलं. समुद्राच्या पाण्यात असतं त्यापेक्षा बोरॉन किंचित कमी निघालं. मी बोरिक पावडर सुचवली, कॅरमवर टाकतात ती.

"बाबू, त्या मिठातच हे सारं येते," तो म्हणाला. "वरतून कायले टाकता?"

"तू चुप बैठ," शेटजी म्हणाले. "लड़का पढ़ा-लिखा है."

मला तेव्हा बरं वाटलं. 'आता पावडर आहे ना,' म्हणून शेटजींनी पाणी बदलणंच बंद केलं, आणि त्यालाही कामावरून काढलं.

परवा कळलं, सगळे प्रवाळ मेले. शेटजी सांगत फिरतात की त्या अडाण्याने पाणी आधीच बिघडवलं होतं, कॉलेजच्या पोराने वाचवायचा फार प्रयत्न केला.